कड्याची पारख

श्रावणातल्या उघडिपीच्या दिवशी पुण्याचा एखादा मनुष्य खडकवासल्याच्या पलीकडे सिंहगडाच्या पायथ्याशी जाऊन उभा राहिला, म्हणजे त्यास एक मनोहर देखावा दिसतो. गडाच्या काळ्या कड्यांवरून पाण्याच्या पांढऱ्या धारा सुटलेल्या असतात. मधूनच ढग खाली उतरतो, सारा कडा झाकून टाकतो, आणि तो सरला की धारा होत्या तेथेच असतात. तोच मनुष्य माघ महिन्यात पुन्हा त्या जागी गेला तर धारांचा मागमूस उरलेला नसतो. ज्या वाटेने पाणी पडत होते तेथे कातळावर उभे काळसर पट्टे तेवढे राहिलेले असतात. पाहणारास हे दोन वेगळे डोंगर वाटावेत इतका हा फरक आहे; आणि चढणाराच्या दृष्टीने विचार केला तर ते खरोखरच दोन वेगळे डोंगर होत.

इसवी सन १६७० च्या ४ फेब्रुवारीच्या रात्री तानाजी मालुसऱ्यांनी ह्या गडाच्या कड्यावरून माणसे चढविली, उदेभान राठोडाशी झुंज घेतली, आणि प्राण वेचून गड मिळविला, ही कथा महाराष्ट्रातील प्रत्येक घरात मुलांना सांगितली जाते. ती सांगताना शौर्याचे वर्णन होते, स्वामिनिष्ठेचे होते, मुलाचे लग्न बाजूस ठेवल्याचेही होते. परंतु एक गोष्ट सहसा सांगावयाची राहून जाते. त्या रात्री तलवार उपसली जाण्यापूर्वी कोणीतरी अंधारात कड्याला हात लावून, तो चढू देईल की नाही, हे ठरविले होते. हा निर्णय चुकला असता तर पुढच्या शौर्यास अवसरच उरला नसता. अशा निर्णयास जी विद्या लागते तिला कड्याची पारख म्हणावे. तिचा इतिहास कोणी स्वतंत्रपणे लिहून ठेवलेला नाही; तो लढायांच्या वर्णनांत इकडेतिकडे विखुरलेला आहे.

ही पारख म्हणजे काय, हे कळण्यासाठी प्रथम सह्याद्रीचा दगड समजून घेतला पाहिजे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ह्या प्रदेशात जमिनीच्या भेगांतून लाव्हारस पुनःपुन्हा बाहेर पडला आणि थरावर थर साचत गेले. हे सगळे थर सारखे नाहीत. काही घट्ट, ठोकल्यास खणखणणारे. तर काही सच्छिद्र आणि ठिसूळ. दोन थरांच्या मध्ये पुष्कळ ठिकाणी तांबड्या मातकट दगडाची पातळ पट्टी सापडते. पावसाने आणि वाऱ्याने मऊ थर झिजतात, कठीण थर उभे राहतात. त्यामुळे आपल्या डोंगरांना पायऱ्यांचा आकार आला आहे. उभा कडा, मग पदर, पुन्हा कडा, पुन्हा पदर, आणि सर्वांत वर माथा. किल्ले बांधणाऱ्यांनी ही नैसर्गिक तटबंदी हेरली आणि जेथे कडा तुटला असेल तेथेच दगडचुन्याचा तट घातला. सिंहगडाचा तट सर्व बाजूंनी सारखा नाही ह्याचे कारण हेच. कडा स्वतःच पहारा करीत होता.

ह्याच थरांमुळे पाण्याचा एक चमत्कारिक व्यवहार चालतो. घट्ट थरांना उभ्या भेगा असतात. माथ्यावर पडलेला पाऊस काही अंशी वाहून जातो, तर काही अंशी भेगांत मुरतो, आणि खालच्या थराने वाट अडविली की बाजूस सरकून कड्याच्या तोंडाशी पाझरू लागतो. सिंहगडाच्या माथ्यावर पाण्याची जी टाकी आहेत, त्यांपैकी देवटाक्याचे पाणी उन्हाळ्यातही वापरात असते. वर टाके भरलेले असते ते ह्याच साठवणीच्या बळावर. म्हणून पाऊस थांबला की कडा वाळला, असे समजणे ही मोठी चूक होय. धबधबा बंद पडतो तो लवकर, कारण तो वरवरच्या पाण्याचा असतो. पाझर मात्र पुढे कित्येक आठवडे चालू राहतो. आणि लांबून पाहणारास तो दिसत नाही.

धबधब्याच्या शेजारचा कडा हा तर ह्या पारखीचा सर्वांत अवघड धडा आहे. पाणी जेथून पडते तेथे कडा फुटलेला असतो. तेथे खाचा, भेगा, कपारी असतात. हातापायांस आधार मिळेल असे वाटते. आणि चढणाऱ्याची नजर आपोआप तिकडे वळते. सह्याद्रीत घाटावरून कोकणात उतरणाऱ्या कित्येक अवघड वाटा पाण्याने कोरलेल्या नाळींमधूनच गेल्या आहेत. परंतु ज्या पाण्याने वाट कोरली तेच पाणी त्या वाटेवर दगड आणून टाकते. नाळेतले धोंडे सुटे असतात, आणि पाण्याने घासून त्यांचे अंग गुळगुळीत झालेले असते. धारेच्या दोन्ही बाजूंस तुषारांनी भिजणारा जो पट्टा असतो त्यावर शेवाळ धरते. पावसाळ्यात ते हिरवे आणि बुळबुळीत असते, हे कोणासही कळते. पण उन्हाळ्यात ते वाळून काळी खपली होते आणि बोटाखाली भुगा होऊन सुटते, हे अनुभवानेच कळते. त्याच्याही पलीकडे, जेथे तुषार पोहोचत नाहीत पण पावसाच्या माऱ्याने माती धुऊन गेलेली असते, तेथे दगड स्वच्छ, खरखरीत आणि विश्वासू असतो. जाणत्या चढणाऱ्याची वाट अशा जागी असते: धारेच्या जवळ, परंतु धारेपासून सुटी.

ही जागा ओळखण्याची साधने साधीच आहेत. सकाळच्या तिरप्या उन्हात दूर उभे राहून पाहिले की ओला कातळ चकाकतो आणि कोरडा मंद दिसतो. जवळ गेल्यावर तळहात टेकून पाहावा. दगडाचा गारवा आणि दगडाचा ओलावा ह्यांतला भेद हातालाच समजतो. आधाराचा दगड मुठीने अगर लहान धोंड्याने ठोकून पाहावा. खणखणीत आवाज आला तर तो डोंगराला धरून आहे. बद्द आवाज आला तर मागे पोकळी आहे. गवताच्या ठोंबास धरावे की न धरावे, हे ऋतूवर अवलंबून असते. भाद्रपदात त्याच्या मुळाशी चिखल असतो आणि ठोंब समूळ हातात येतो. माघात मूळ घट्ट असते, पण वरची काडी निसरडी होते. कपारीच्या छताखाली आग्या मोहोळ लोंबत नाही ना, हे पाहावे. आणि सर्वांत शेवटी, डोक्यावरच्या आभाळाकडे नव्हे, तर पाणी जेथून येते त्या माथ्याकडे पाहावे.

ह्या शेवटच्या गोष्टीवर थोडे थांबले पाहिजे, कारण तिच्यात माणसांचे प्राण गुंतलेले असतात. धबधब्याजवळ उन पडले असले, तरी वरच्या पठारावर सर कोसळत असू शकते. सह्याद्रीच्या माथ्यापासून पूर्वेकडे येताना पावसाचे मान फार झपाट्याने उतरते. लोणावळ्यास वर्षाकाठी ४०० सेंटिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर पुणे शहरास सुमारे ७० ते ७५ सेंटिमीटर. म्हणजे दोन-तीन कोसांच्या अंतराने आभाळ निराळे असते. वरची सर खालच्या धारेत येऊन पोहोचेपर्यंत काही वेळ जातो, आणि तेवढाच वेळ चढणाऱ्याच्या हाती असतो. पाणी गढूळ होते, त्यात पाचोळा आणि काटक्या येऊ लागतात, आवाज जड होतो. ही चिन्हे दिसली की वाद न घालता बाजूच्या उंच जागी जावे. लोणावळ्यानजीक भुशी धरणाच्या मागील बाजूस २०२४ च्या ३० जून रोजी एकाच कुटुंबातील ५ माणसे अशा वाढत्या पाण्यात वाहून गेली. ती काही कडा चढत नव्हती. प्रवाहाच्या मधोमध उभी होती. ज्या पाण्याला डोंगरातला मनुष्य कानाने ओळखतो, त्याची भाषा शहरास विसरावयास लागली, हेच ह्या अपघाताने दाखविले.

आता जुन्या काळाकडे वळू. मराठ्यांच्या राज्यात मोहिमेचे वर्ष दसऱ्याच्या सीमोल्लंघनाने सुरू होई. ह्याचे एक कारण शेती होते, दुसरे नद्या होत्या. नद्या उतरल्याखेरीज सैन्य हलत नसे. परंतु डोंगरी मुलखात तिसरेही एक कारण होते, आणि ते म्हणजे कडे. दसऱ्याला नदी उतरते, पण कडा तेव्हा पाझरतच असतो. कार्तिक, मार्गशीर्ष, पौष असे महिने लोटत जातात तसतसा तो आतून सुकत जातो. माघ-फाल्गुनात तो बहुतेक कोरडा होतो. पुढे चैत्र-वैशाखात दगड तापतो आणि पाण्याची टंचाई होते. म्हणजे कड्यावरून गड घेण्याचा खरा काळ वर्षातून दोन-तीन महिन्यांचाच. हा हिशेब मनात धरून पुढील दोन तारखा पाहाव्यात.

पहिली सिंहगडाची. १६६५ च्या जूनमध्ये पुरंदरच्या तहाने शिवाजीमहाराजांनी मोगलांस २३ किल्ले दिले, त्यांत हा गड गेला होता. तो परत घेतला ती तिथी माघ वद्य नवमी होती. पावसाळा संपून चार महिने होऊन गेले होते. कडा सुकला होता. थंडी असल्याने पहारेकरी शेकोटीजवळ राहावा असेच दिवस होते. शिवाय वद्य नवमीचा चंद्र मध्यरात्र उलटून गेल्यावरच उगवतो, म्हणजे रात्रीचा पूर्वभाग सगळा अंधाराचा. ती तिथी मुद्दाम निवडली होती की काय, हा प्रश्न बाजूस ठेवला तरी तिचा उपयोग उघड आहे. चढणाऱ्यास अंधार हवा, आणि माथ्यावर गेल्यावर लढावयास व मित्र-शत्रू ओळखावयास थोडा उजेडही हवा. नवमीची रात्र हे दोन्ही देते.

दुसरी तारीख पन्हाळ्याची. १६७३ च्या ६ मार्चच्या रात्री कोंडाजी फर्जंद ६० माणसे घेऊन पन्हाळ्याच्या कड्यावरून वर गेले आणि अण्णाजी दत्तो खाली वेळेची वाट पाहत राहिले. तिथी फाल्गुन वद्य त्रयोदशी. महिना पुन्हा कोरडा, आणि चंद्र जवळजवळ नाहीच. ज्या पन्हाळ्यासाठी पूर्वी मोठमोठ्या फौजांनी महिनेच्या महिने वेढे दिले होते, तो एका रात्रीत ६० माणसांनी घेतला. दोन्ही ठिकाणी माणसे थोडी, ऋतू तोच, पक्ष तोच. एकदा घडले तर त्यास योगायोग म्हणता येईल. दोनदा घडले तर त्यामागे शिकलेली विद्या असली पाहिजे, असे समजण्यास हरकत नाही.

सिंहगडाच्या चढाईबद्दल सर्वांत प्रसिद्ध आहे ती यशवंती घोरपडीची गोष्ट. घोरपडीच्या कमरेस दोर बांधून ती कड्यावर चढविली, तिने नखे रोवली, आणि तिच्या आधाराने मावळे वर गेले, अशी ही लोककथा पोवाड्यांनी घरोघर पोहोचविली. परंतु कृष्णाजी अनंत सभासद ह्यांनी सतराव्या शतकाच्या शेवटच्या दशकात जिंजीस जी बखर लिहिली, तीत घोरपड नाही. सभासदांचे वर्णन साधे आहे आणि म्हणूनच विश्वसनीय वाटते. त्यांच्या सांगण्याचा आशय असा की, तानाजी ५०० माणूस घेऊन गडाखाली गेले. त्यांतून दोन मावळे निवडले. ते दोघे वानराप्रमाणे कडा चढून गेले. वर जाऊन त्यांनी माळ, म्हणजे दोराची शिडी, लावली. आणि मग तानाजींसह सुमारे ३०० माणूस त्या माळेवरून वर गेले.

ह्या वर्णनाचा चढाईच्या अंगाने विचार केला, तर त्यातील बारकावा ध्यानात येतो. ३०० माणसांस कडा चढता येत नव्हता, आणि तशी गरजही नव्हती. त्यांना शिडी चढता आली म्हणजे पुरे. खरा कडा चढले ते दोघेच. त्यांच्यापाशी वरून लावलेला दोर नव्हता, उजेड नव्हता, आणि आवाज करण्याची मुभा नव्हती. दगड ठोकून त्याचा नाद ऐकण्याचीही सोय नव्हती, कारण तो नाद वरच्या पहाऱ्यासही ऐकू गेला असता. त्यांना सारे काम तळहाताने आणि तळपायाने करावयाचे होते. कोणती खाच घट्ट, कोठे वाळलेले शेवाळ, कोठे सुटा दगड, हे बोटांनी चाचपून ठरवावयाचे आणि त्या ठरविण्यावर देह तोलावयाचा. एक दगड निसटून खाली गेला असता, तर त्याच्या आवाजाने सगळाच बेत उधळला असता. घोरपडीची कथा ज्या कोणी प्रथम रचली, त्यालाही हीच अडचण जाणवली असली पाहिजे. दोरावरून सगळे गेले हे खरे, पण पहिला दोर वर कोणी नेला? ह्या प्रश्नास लोकांनी घोरपड हे उत्तर दिले. सभासदांनी दोन माणसे हे उत्तर दिले. आश्चर्य करावे असे काही ह्यांत असेल तर ते दुसऱ्या उत्तरातच आहे.

अशी माणसे जगाच्या इतिहासात इतरत्रही भेटतात. इसवी सनापूर्वी ३२७ च्या सुमारास शिकंदर बादशहा मध्य आशियात सोग्दियानाच्या एका खडकाळ दुर्गापुढे येऊन थांबला. आतल्या लोकांनी त्यास पंख असलेले शिपाई आणावयास सांगून हिणविले. तेव्हा पूर्वीच्या वेढ्यांतून कडे चढण्याचा सराव झालेले ३०० लोक त्याने निवडले. तंबूच्या लोखंडी मेखा आणि तागाचे दोर घेऊन ते रात्री निघाले. गोठलेल्या बर्फात अगर उघड्या जमिनीत मेखा ठोकीत वर गेले. सुमारे ३० जण पडून मेले, आणि उरलेल्यांना माथ्यावर पाहताच आतल्या लोकांनी शरणागती पत्करली. आपल्याकडे १५३५ मध्ये हुमायूनने गुजरातेत चांपानेरचा किल्ला घेतला, तोही कड्यात लोखंडी मेखा ठोकून रात्री माणसे वर चढवूनच. येथे फरक पाहण्यासारखा आहे. जेथे दगडाने आधार दिला नाही, तेथे त्यांनी लोखंडाने आधार निर्माण केला. मावळ्यांनी लोखंडाऐवजी ऋतूचा आधार घेतला.

ह्याच्या उलट, ऋतूने पाठ फिरविली म्हणजे मोठ्या फौजांचेही काही चालत नसे. चौदाव्या शतकात महंमद तुघलकाने ह्याच गडाला वेढा दिला, तेव्हा नागनायक नावाच्या कोळी सरदाराने तो सुमारे ८ महिने झुंजविला; अन्नपाणी संपले म्हणून गड गेला, कडा चढून कोणी घेतला नाही. पुढे जसवंतसिंहाने कोंढाण्यास वेढा घातला आणि १६६४ च्या पावसाळ्याच्या तोंडाशी तो हात हलवीत परत गेला. औरंगजेबाच्या फौजेने १७०२ च्या अखेरीस पुन्हा ह्या गडास वेढा दिला आणि १७०३ च्या एप्रिलमध्ये तो मिळविला. पण तोही किल्लेदारास पैसा चारून. आदल्याच वर्षी विशाळगड घेऊन परतताना पावसात बादशाही लष्कराचे अतोनात हाल झाले होते. त्यामुळे एप्रिल उलटून जाण्याची भीती काय असते, ते बादशहास पुरते कळले होते.

इथपर्यंत वाचणाऱ्याचा असा समज होईल की, कोरडा कडा म्हणजे यश आणि ओला कडा म्हणजे अपयश, एवढीच ही विद्या आहे. तसे असते तर ती फार सोपी झाली असती. ह्याच सिंहगडाच्या इतिहासात दुसरी एक तारीख आहे, आणि ती ह्या सोप्या हिशेबास धक्का देते. छत्रपती राजाराममहाराज जिंजीस होते आणि सिंहगड मोगलांकडे होता. तो १६९३ च्या १ जुलैस मराठ्यांनी पुन्हा घेतला. नावजी बलकवडे आणि विठोजी कारके ह्यांनी कड्यास माळ लावून ही कामगिरी केली. महिना जुलैचा! ज्या दिवसांत कड्यावरून धारा कोसळतात, त्याच दिवसांत माणसे त्या कड्यावरून वर गेली.

ह्यात विसंगती वाटते, पण ती वरवरची आहे. कड्याची पारख करणारा केवळ दगड पाहत नाही. कड्यावरचा मनुष्य दगडाविषयी काय समजतो, हेही तो पाहतो. माघात पहारेकऱ्यास ठाऊक असते की कडा कोरडा आहे, म्हणून तो सावध असण्याचा संभव असतो. आषाढात त्याची खात्री असते की ह्या पाण्यातून, ह्या शेवाळावरून कोणीही येणे शक्य नाही, म्हणून तो घोंगडी पांघरून आत बसतो. पावसाचा आवाज पायांचा आवाज झाकतो, ढग माणसे झाकतो. म्हणजे कडा जितका अवघड, तितका त्यावरचा पहारा ढिला. हे दोन तराजू एकदम तोलावयाचे असतात. मात्र ओल्या कड्याशी कोरड्यासारखे वागून चालत नाही. म्हणून अशा वेळी जास्त माणसांनी कमीत कमी वेळ दगडाला स्पर्श करावा आणि शिडीवरूनच वर जावे, हा शहाणपणाचा मार्ग.

ह्याच युक्तीचा फटका पुढे मराठ्यांनाही बसला. ग्वाल्हेरचा किल्ला महादजी शिंद्यांकडे होता. तो अभेद्य समजला जाई. १७८० च्या ३ ऑगस्टच्या रात्री, म्हणजे भर पावसाळ्यात, इंग्रजांच्या मेजर पॉपमने गोहदच्या राण्याकडून मिळालेल्या वाटेच्या माहितीवर विसंबून कॅप्टन ब्रूस ह्याच्या हाताखाली एक तुकडी शिड्या देऊन पुढे पाठविली. शिपायांच्या पायांत कापूस भरलेले मऊ जोडे घातले होते; पाय घसरू नये आणि आवाज होऊ नये, हा त्यांतला हेतू. किल्ला अल्पावधीत पडला. ते जोडे म्हणजे ओल्या दगडाचा केलेला स्पष्ट विचार होता. सिंहगडावर जी विद्या मराठ्यांनी वापरली तीच येथे त्यांच्याविरुद्ध वापरली गेली, आणि पावसावर टाकलेला विश्वास नडला.

पुढे तोफांचा काळ आला. १८१८ च्या २ मार्चला सिंहगड इंग्रज सेनापती प्रिट्झलरच्या स्वाधीन झाला, तो कडा चढून नव्हे, तर तोफांच्या भडिमाराने. त्या दिवसापासून युद्धाच्या दृष्टीने कड्याचे महत्त्व संपले. परंतु चढणारे संपले नाहीत. विसाव्या शतकात हौशी गिर्यारोहकांनी हीच विद्या पुन्हा हाती घेतली. पुण्यात १९८२ मध्ये स्थापन झालेल्या गिरिप्रेमी संस्थेने सह्याद्रीच्या कड्यांपासून प्रारंभ करून २०१२ मध्ये आपली माणसे एव्हरेस्टच्या शिखरावर पोहोचविली. आता नायलॉनचे दोर आहेत, रबरी तळाचे जोडे आहेत, डोक्यास शिरस्त्राण आहे. हवामानाचे अंदाज घरबसल्या मिळतात. ह्या बाबतीत तर पुण्याचे नाते जुने आहे. १९२८ मध्ये हवामान खात्याचे मुख्य कार्यालय सिमल्याहून पुण्यास आले, आणि ते पुढे दिल्लीस गेले तरी येथील इमारतीस लोक सिमला ऑफिस हेच नाव देत राहिले.

तथापि साधने वाढली म्हणून पारखीची गरज कमी झाली, असे मुळीच नाही. अंदाज जिल्ह्याचा असतो, कडा एका हाताएवढा असतो. भिजलेला नायलॉनचा दोरही कोरड्याइतका बळकट राहत नाही. उत्तम जोडाही शेवाळापुढे हतबल होतो. पावसाळ्यात धबधब्याशेजारून दोरावर उतरण्याची हौस अलीकडे पुष्कळ वाढली आहे. तीत वाईट काही नाही. परंतु दोराने धीर येतो आणि धीराने नजर सुटते, हे विसरता कामा नये. परत फिरण्याचा निर्णय हाही ह्या विद्येचाच भाग आहे, किंबहुना तोच कठीण भाग आहे. गडावर जाणाऱ्यांचे पोवाडे होतात. दगडाला हात लावून “आज नको” असे म्हणणाऱ्याचा पोवाडा कोणी रचीत नाही. त्याच्याबरोबरची सारी माणसे मात्र संध्याकाळी आपापल्या घरी पोहोचतात.

सिंहगडावर तानाजींचे स्मारक आहे आणि ते असणे सर्वथा योग्य आहे. परंतु तेथे माथा नमविणाऱ्याने कड्याच्या काठाशी जाऊन एकदा खाली पाहावे आणि आणखी दोघांची आठवण करावी. त्यांची नावे सभासदांनी लिहिली नाहीत. ते कोणत्या गावचे, त्यांना कडे चढावयास कोणी शिकविले, लढाईनंतर ते जिवंत राहिले की नाही, ह्यांविषयी बखर एक शब्द बोलत नाही. एवढेच कळते की, ५०० माणसांमधून त्यांस निवडले गेले, त्यांनी अंधारात कड्यावर हात टेकला, आणि त्यांचा अंदाज बरोबर ठरला. पुढच्या श्रावणात कडा पुन्हा पाण्याने भरून गेला असेल आणि त्यांच्या बोटांच्या खुणा, काही राहिल्या असल्याच तर, धुऊन गेल्या असतील. त्यांच्या पारखीचा पुरावा एकच उरला आहे, आणि तो म्हणजे गड.